एका लिटरात बासष्ट किलोमीटर

बीएमडब्ल्यूची एक्सएम ही प्लग-इन हायब्रिड गाडी डिसेंबर २०२२ मध्ये भारतात आली, तेव्हा तिची किंमत २ कोटी ६० लाख रुपये होती आणि कागदावरचे अ‍ॅव्हरेज लिटरला ६१.९ किलोमीटर. इंजिन ४.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे. एकूण ताकद ६५३ अश्वशक्ती आणि वजन पावणेतीन टनांच्या घरात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हीच गाडी तपासली. बॅटरी संपल्यावर नुसत्या पेट्रोलवर ती गॅलनला १४ मैल जाते, अशी त्यांची नोंद आहे. आपल्या हिशेबात हे लिटरला सहा किलोमीटर झाले. गाडी एकच, पण एका कागदावर बासष्ट आणि दुसऱ्या कागदावर सहा. दोन्ही आकडे रीतसर चाचणीतून आले आहेत.

साध्या पेट्रोल गाडीच्या बाबतीत "अ‍ॅव्हरेज किती देते?" या प्रश्नाला एक उत्तर असते. चालवणाऱ्याच्या पायाप्रमाणे ते एक-दोन किलोमीटर इकडे-तिकडे होते, एवढेच. प्लग-इन हायब्रिड गाडीला हा प्रश्न विचारला की उत्तर दहापटीने बदलू शकते. ते गाडीवर जेवढे अवलंबून असते, त्याहून जास्त मालकाचे घर कुठे आहे, तो रोज किती अंतर जातो आणि रात्री प्लग लावतो की नाही यावर ठरते. म्हणून या प्रकरणात आपण हिशेब एका ठरावीक जागी बसून मांडणार आहोत. जागा आहे गोव्याच्या डिचोली तालुक्यातले लाटंबार्से. हे गाव का, ते पुढे कळेलच. आधी त्या बासष्टचे गणित उलगडू.

प्लग-इन हायब्रिडमध्ये दोन यंत्रणा शेजारी नांदतात. एक नेहमीचे पेट्रोल इंजिन, टाकीसकट. दुसरी विजेची मोटर आणि घरच्या प्लगवर चार्ज होणारी मध्यम आकाराची बॅटरी. बॅटरी भरलेली असेल तोवर गाडी विजेवर पळते. ती संपली की इंजिन सुरू होते आणि गाडी साध्या हायब्रिडसारखी पुढे जाते. रस्त्यात थांबण्याची भीती नाही, हे तिचे मोठे आकर्षण.

मग अशा गाडीचे अ‍ॅव्हरेज मोजायचे कसे? संयुक्त राष्ट्रांच्या मोटार-नियमावलीतल्या १०१ क्रमांकाच्या नियमाने एक सोपी वाट काढली. गाडी एकदा भरलेल्या बॅटरीवर चालवायची, एकदा रिकाम्या बॅटरीवर. मग असे गृहीत धरायचे की बॅटरी संपल्यावर मालक फक्त २५ किलोमीटर पेट्रोलवर जातो आणि लगेच पुन्हा प्लग लावतो. आकडे घालून पाहू. समजा गाडी विजेवर ५० किलोमीटर जाते आणि पेट्रोलवर लिटरला १०. नियमाप्रमाणे तिने एकूण ७५ किलोमीटर कापले आणि पेट्रोल जाळले अडीच लिटर. अ‍ॅव्हरेज आले ३०. आता इंजिन तेच ठेवून बॅटरी मोठी बसवा, म्हणजे विजेवरचे अंतर १०० होईल. पेट्रोल तेवढेच अडीच लिटर, अंतर १२५, अ‍ॅव्हरेज ५०. इंजिन काडीइतकेही सुधारले नाही, तरी कागदावरचा आकडा वीसने चढला. विजेचे युनिट या हिशेबात कुठेच येत नाहीत, कारण आकडा फक्त पेट्रोलचा आहे. २०१७ पासून युरोपात नवी चाचणी आली. तिच्यातले गुणक जास्त बारकाईचे आहेत, पण पाया तोच: मालक प्लग किती वेळा लावेल याचा अंदाज.

हा अंदाज किती चुकला हे युरोपातच मोजले गेले. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन आणि जर्मनीची फ्राउनहोफर संस्था यांच्या २०२२ च्या अभ्यासात खासगी मालकांच्या प्लग-इन गाड्या निम्म्याहून थोडे कमी अंतर विजेवर जात होत्या. कंपनीने दिलेल्या गाड्यांचे प्रमाण ११ ते १५ टक्क्यांवर आले. २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने गाड्यांमध्येच बसवलेल्या मापकांची माहिती जाहीर केली. त्यात या गाड्यांचे प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीनपट निघाले. कंपनीच्या गाड्यांचे कारण अगदी साधे आहे. पेट्रोलचे बिल कंपनी भरते आणि घरी लावलेल्या प्लगचे बिल कर्मचारी भरतो. मग प्लग कोण लावणार? आपल्याकडेही हेच होते. गाडी मालकाची, चालवणारा पगारी ड्रायव्हर, पेट्रोल कार्डावर. प्लग लावणे हे काम कोणाचेच नसते, आणि पावणेतीन टनांची गाडी रिकामी बॅटरी अंगावर वाहत पेट्रोल पीत राहते. बॅटरी, मोटर आणि त्यांची जोडणी मिळून दोन-तीनशे किलो सहज होतात.

आता लाटंबार्से. डिचोली तालुक्याच्या उत्तर टोकाला, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले हे गाव. एकीकडे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे काजूच्या बागा आणि डोंगर. वडावल, लाडफे, नानोडा, कासारपाल ही नावे या भागातल्या माणसाच्या तोंडी रोजची. अस्नोड्यावरून म्हापसा अठरा-वीस किलोमीटर, पणजी तीसेक. मोपाचा मनोहर विमानतळही साधारण तेवढ्याच टप्प्यात. दोडामार्गची सीमा दहाएक किलोमीटरवर. अख्खा गोवा उत्तर-दक्षिण साधारण १०५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ६५. इथल्या माणसाची रोजची धाव किती लांब जाणार?

गोव्यात गाड्या भरपूर आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातल्या सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार असल्याचे आढळले. देशातल्या राज्यांत हे प्रमाण सर्वांत मोठे. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे लाटंबार्सेसारख्या गावात गाडी स्वतःच्या अंगणात उभी राहते. मुंबई-पुण्यात प्लग-इन गाडी घेणाऱ्याची निम्मी शक्ती सोसायटीच्या मीटिंगमध्ये, पार्किंगमध्ये पॉइंट मिळवण्यात जाते. इथे भिंतीला भोक पाडून वायर बाहेर काढली की काम झाले. अंतर छोटे, अंगण स्वतःचे आणि वीज स्वस्त, हे तीन योग एकत्र यावे लागतात. देशात ते फार थोड्या ठिकाणी येतात. लाटंबार्से त्यांपैकी एक.

विजेचे दर पाहू. गोव्यात वीज पुरवते ते सरकारचे वीज खाते, आणि दर ठरवतो गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग. घरगुती दर टप्प्यांनी चढतात. २०२४-२५ मध्ये पहिल्या १०० युनिटांना युनिटमागे दोन रुपयांच्या आसपास आणि ४०० च्या पुढे सहा रुपयांच्या आसपास दर होता. इथे बरेच जण एक चूक करतात. सरासरी बिल काढतात, तीन-साडेतीन रुपये युनिट येते आणि त्याच दराने गाडीचा हिशेब मांडतात. पण घरात फ्रिज, पंखे, पंप, एसी आधीपासून चालू आहेत. खालचे टप्पे त्यांनी खाऊन टाकलेले असतात. गाडीचे युनिट वर चढतात, म्हणून गाडीला वरच्या टप्प्याचाच दर लावला पाहिजे. आपण सहा रुपये धरू. पेट्रोल सोयीसाठी ९६ रुपये लिटर.

गाडी कुठली घ्यावी? भारतात आलेल्या पहिल्या प्लग-इन एसयूव्हींमध्ये व्होल्वोच्या एक्ससी९० टी८ चे नाव घ्यावे लागते. ती २०१६ मध्ये आली. दोन लिटरचे इंजिन पुढची चाके फिरवते आणि विजेची मोटर मागची. तिची बॅटरी ९.२ किलोवॅट-तासांची, म्हणजे ढोबळ भाषेत नऊ युनिटांची होती. युरोपच्या जुन्या चाचणीत ती विजेवर ४३ किलोमीटर जायची. अमेरिकेच्या चाचणीत निघाले १४ मैल, म्हणजे बावीस-तेवीस किलोमीटर. लाटंबार्सेहून निघून म्हापशाच्या बाजारात पोचेपर्यंत बॅटरी संपत आली असती आणि परतीचा जवळजवळ सगळा रस्ता पेट्रोलवर. परदेशात २०२२ मध्ये याच गाडीला जवळपास १९ युनिटांची बॅटरी मिळाली आणि विजेवरचे अंतर अमेरिकी मोजणीतही पन्नासच्या पुढे गेले. त्या एका बदलाने म्हापशाची ये-जा पूर्ण विजेवर बसली. म्हणून प्लग-इन गाडी पाहताना पहिला प्रश्न बॅटरीचा विचारावा: विजेवर प्रत्यक्षात किती किलोमीटर? कंपनीने सांगितलेल्या आकड्यातून पाव भाग वजा करून चालावे.

या नव्या बॅटरीच्या गाडीचे अमेरिकी आकडे असे: भिंतीतल्या प्लगपासून मोजले तर शंभर किलोमीटरला ३२ युनिट, आणि नुसत्या पेट्रोलवर लिटरला साडेअकरा किलोमीटर. आपला मालक लाटंबार्सेचा आहे. रोज म्हापशाला जाऊन येतो, इकडे-तिकडे धरून ४० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस.

विजेवर रोजचे पावणेतेरा युनिट लागतील, सहाच्या दराने ७७ रुपये. पेट्रोलवर साडेतीन लिटर, ३३४ रुपये. वर्षाचे झाले अनुक्रमे २३ हजार आणि एक लाख. प्लग नेमाने लावला तर ७७ हजार रुपये वाचतात. किलोमीटरमागे बोलायचे तर विजेवर सुमारे एक रुपया नव्वद पैसे. पेट्रोलवर तोच किलोमीटर आठ रुपये पस्तीस पैशांना पडतो.

आता हाच मालक दहाएक किलोमीटरवर, सीमेपलीकडे दोडामार्गला राहतो असे समजा. तिथे वीज महावितरणची. तीनशे युनिटांच्या पुढे घरगुती दर, वहन आकार धरून, पंधरा रुपयांच्या आसपास जातो. पेट्रोलही महाग, १०५ रुपये धरू. विजेवरचा दिवस १९२ रुपयांना पडतो आणि पेट्रोलवरचा ३६५ ला. बचत १७३ रुपये, गोव्यात ती २५७ होती. सीमेच्या एका खुणेने वर्षाकाठी पंचवीस हजारांचा फरक पाडला. या भागातल्या लोकांना असा फरक नवा नाही. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि गोव्यात पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले. तेव्हा सिंधुदुर्गातल्या गाड्या टाक्या भरायला सीमा ओलांडून येत. पुढे कर वाढत गेला, तरी पेट्रोलचा फरक आजही आहे. विजेचा फरक मात्र टाकीत भरून नेता येत नाही. तो ज्याच्या अंगणात मीटर आहे त्यालाच मिळतो.

कागदावरचा हिशेब जमला की अंगणातला सुरू होतो, आणि डिचोली-पेडण्याच्या भागात तो जमिनीशी येऊन भिडतो. गाडीबरोबर मिळणारी चार्जिंगची वायर दिसायला साधी असते. तिच्या मधोमध विटेएवढी एक पेटी असते. वीज सोडण्याआधी ही पेटी अर्थिंग तपासते. अर्थिंग कमजोर असेल तर लाल दिवा लागतो आणि गाडी चार्ज होत नाही. घरातला मिक्सर, टीव्ही, गिझर वर्षानुवर्षे त्याच अर्थिंगवर चाललेला असतो, त्यामुळे दोष गाडीचा वाटतो. खरे कारण अंगणाच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात असते. इथली जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ती पाणी पिऊन घेते आणि फेब्रुवारीपासून ते सोडत जाते. एप्रिल-मेमध्ये खड्ड्याभोवतीची माती इतकी कोरडी पडते की तांब्याची किंवा लोखंडाची पट्टी जमिनीशी नीट बोलतच नाही. जुने वायरमन यावर एक उपाय करत आले आहेत. खड्डा खणून कोळसा आणि मीठ यांचे थर घालायचे आणि उन्हाळाभर त्यात अधूनमधून पाणी ओतायचे. घरात वीज नवी आली तेव्हा हे सगळे केलेले असते, पण पुढे खड्ड्यावर लादी बसते आणि तो कोणाच्या लक्षात राहत नाही. प्लग-इन गाडी दारात आणण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्यावे, शक्य असेल तर नवा खड्डा घ्यावा. खर्च काही हजारांचा आहे.

दुसरी काळजी सॉकेटची. १६ अँपिअरच्या सॉकेटवर गिझर दहा मिनिटे चालतो आणि बंद होतो. गाडी पाच-सहा तास सलग १० अँपिअर ओढते. स्क्रू ढिला असेल तर तिथे उष्णता साठते, सॉकेटचे प्लास्टिक पिवळे पडते, मग तपकिरी होते. हात लावून सॉकेट गरम वाटला की चार्जिंग बंद करावे. घरातल्या इतर कशाशीही न जोडलेली, मुख्य बोर्डावरून थेट आलेली जाड वायर आणि तिला स्वतःचा एमसीबी व आरसीसीबी, एवढे केलेच पाहिजे. घरच्या साध्या प्लगवर ताशी सव्वादोन युनिट जातात, त्यामुळे चाळीस किलोमीटरची भर रात्री अकराला लावली तर पहाटे पाचच्या आत पूर्ण होते. जून-जुलैमध्ये झाड पडून वीज गेली तर? अशा वेळी इंजिन आहेच.

आणि इथे पेट्रोलच्या बाजूचे काही बारकावे सांगायला हवेत, कारण शोरूममध्ये ते कोणी सांगत नाही.

विजेवरच चालणाऱ्या गाडीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहते. त्याची वाफ बाहेर जाऊ नये म्हणून बऱ्याच प्लग-इन गाड्यांची टाकी दाबाखाली बंद केलेली असते. पंपावर गेल्यावर आधी गाडीतले एक बटण दाबायचे, दाब उतरेपर्यंत थांबायचे आणि पडद्यावर संदेश आला की मगच झाकण उघडते. पंपावरचा मुलगा नळी हातात घेऊन झाकण ओढत राहतो, मागे रांग लागते. त्याला आधीच सांगावे. शिवाय आता देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि ते हवेतले बाष्प ओढते. म्हणून टाकी गच्च भरून ठेवू नये, आणि महिन्यातून एकदा तरी इंजिन नीट गरम होईपर्यंत गाडी पेट्रोलवर चालवावी. इंजिनालाही ते बरे.

बहुतेक गाड्यांत आणखी एक बटण असते: चालता चालता इंजिनाने बॅटरी भरण्याचे. ते फार मोहात पाडते, पण हिशेब करा. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली जेमतेम तीस टक्के कामाला लावते, आणि जनित्र व बॅटरीतली गळती वजा जाता हातात सव्वादोन-अडीच युनिट उरतात. ९६ रुपयांना अडीच युनिट म्हणजे युनिट जवळपास चाळीस रुपयांना. वीज खाते तेच सहाला देते. हे बटण घरच्या गाडीत कधीच दाबू नये.

एसीची गोष्ट थोडी वेगळी आहे. साध्या गाडीत तो इंजिनावर चालतो म्हणून त्याचा खर्च दिसत नाही. विजेवर तो दीड किलोवॅटच्या आसपास घेतो. पर्वरीच्या वाहतूक कोंडीत तासभर अडकलात तर दीड युनिट जाईल, म्हणजे सुमारे पाच किलोमीटरचे अंतर. पेट्रोल इंजिन तासभर नुसते घुरघुरत ठेवण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे. रांगेत उभे राहणे ही प्लग-इनची खरी ताकद, महामार्ग नव्हे.

घाटाचे काय? साखळी-केरीमार्गे चोर्ला घाट चढून बेळगावला जाणारे इथे पुष्कळ. सातशे मीटरची चढण धरली आणि माणसांसकट गाडीचे वजन २४०० किलो, तर निव्वळ उंची गाठायलाच साडेचार युनिट लागतात. उतरताना मोटर उलटी फिरून वीज परत करते. गळती धरून अडीच-पावणेतीन युनिट हाती येतात, म्हणजे केरीला पोचेपर्यंत आठ-नऊ किलोमीटरची कमाई. मात्र एक पथ्य आहे. घाटमाथ्यावर बॅटरी गच्च भरलेली असेल तर तिला नवी वीज घ्यायला जागाच नसते. मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि कमाई तापलेल्या डिस्कमधून हवेत जाते. चढताना बॅटरी वापरून टाकावी, उतरताना भरावी.

पर्यावरणाच्या नावाने या गाड्या विकल्या जातात, तेव्हा तोही हिशेब मांडला पाहिजे. गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते, त्यात कोरबा, विंध्याचल, रामगुंडम अशा कोळशावरच्या केंद्रांचा मोठा वाटा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. ३२ युनिटांचे झाले २३ किलो. पेट्रोलवर तेच शंभर किलोमीटर जायला ८.७ लिटर लागतात आणि लिटरमागे २.३ किलोने २० किलो. तेल काढणे, आणणे आणि शुद्ध करणे धरले तर चोवीसच्या घरात. म्हणजे बरोबरी. खिशाला मोठा फायदा होतो, हवेला फारसा नाही. धूर म्हापशाच्या रस्त्यावरून उठून कोरब्याच्या धुराड्यात जातो. इतकी जड गाडी विजेवर चालवली तरी जडच राहते, याला इलाज नाही.

छतावर सौर पॅनेल असतील तर चित्र बदलते. तीन किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने रोज बारा युनिटांच्या आसपास देतो. आपल्या मालकाची गरज पावणेतेराची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. गाडी दिवसा बाहेर असली तरी नेट मीटरमुळे दुपारची वीज रात्री वळती होते. पावसाळ्याचे चार महिने उत्पादन खाली येते, हे गोव्याच्या पावसात गृहीतच धरावे. तरीही लाटंबार्सेच्या कौलारू घरावर नाही तर शेजारच्या गॅरेजच्या पत्र्यावर हा संच बसतो आणि गाडीचा बराचसा खर्च त्यातून भागतो. मी या मार्गाच्या ठाम बाजूने आहे.

आता सर्वांत मोठे आकडे. इंधनाबद्दल आपण इतका वेळ बोललो, पण या वर्गातल्या गाडीच्या खर्चात इंधनाचा वाटा लहान असतो. विमा कंपन्या गाडीची घोषित किंमत ज्या तक्त्याने ठरवत आल्या आहेत, त्यात पाच वर्षांत ५० टक्के घसारा धरला जातो. एक कोटीच्या गाडीचे पन्नास लाख. पाच वर्षांत ६० हजार किलोमीटर झाले तर किलोमीटरमागे ८३ रुपये फक्त घसाऱ्याचे. पेट्रोलचे आठ आणि विजेचे दोन त्यापुढे कुठेच नाहीत. वीस-बावीस इंची टायरचा एक संच लाखाच्या पुढे जातो आणि जड गाडी तो लवकर झिजवते. विजेवर चालणाऱ्या गाडीत ब्रेक पॅड जास्त टिकतात, ही त्यातल्या त्यात बचत. पण इंजिन आहे म्हणून तेल, फिल्टर आणि स्पार्क प्लग दरवर्षी पाहावेच लागतात. दोन यंत्रणा म्हणजे दोन्हींची देखभाल. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात हायब्रिडला साडेसात टक्के सवलत आहे. दीड हजार सीसीपुढच्या गाडीला ती सहाशे रुपयांच्याही आत बसते.

आणि कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना, त्यात मोठ्या हायब्रिडही आल्या, ४० टक्के जीएसटी आहे. पूर्ण विजेवरच्या गाडीला ५ टक्के. कारखान्याची किंमत ७० लाख धरली तर एकीकडे कर २८ लाख, दुसरीकडे साडेतीन लाख. फरक साडेचोवीस लाखांचा. आपला लाटंबार्सेचा मालक वर्षभर प्लग एकदाही न लावता पेट्रोलवर फिरला असता तरी एक लाख रुपयेच जळले असते. म्हणजे या एका कराच्या फरकात त्याचे चोवीस वर्षांचे पेट्रोल आले.

हा आकडा मांडल्यावर माझे मत लपवण्याचे कारण नाही. लाटंबार्सेत प्लग-इन हायब्रिड उत्तम चालते, कारण अंतर कमी, अंगण मोकळे, वीज स्वस्त. पण नेमक्या याच तीन कारणांनी इथे पूर्ण विजेवरची गाडीही तितकीच उत्तम चालते, आणि तिला दुसऱ्या इंजिनाचे वजन, देखभाल आणि ४० टक्के कर यांचे ओझे नाही. प्लग-इन गाडी ज्याने घ्यावी असा माणूस इथे एकच दिसतो. रोज चाळीसच्या आत फिरणारा, पण महिन्यातून दोन-तीनदा पुण्याला किंवा बंगळूरला एका दमात जाणारा, आणि वाटेत चार्जिंगसाठी थांबायला ज्याच्याकडे खरोखरच वेळ नाही असा. त्यानेही सौद्याला बसण्याआधी महिनाभर आपल्या सध्याच्या गाडीचे रोजचे किलोमीटर वहीत लिहावेत. चाळीसच्या आतले दिवस किती आणि बाहेरचे किती, ते मोजावे. आणि गाडी चालवणार असेल ड्रायव्हर, तर रात्री प्लग लावण्याचे काम कोणाचे, हे गाडीची ऑर्डर देण्याआधीच घरात ठरवून टाकावे.